मान आठ डिग्री खाली

काकांना एकदा रस्ता विचारलेला माणूस पुन्हा विचारत नसे. "चहा कुठं मिळेल?" असं कुणी म्हटलं की ते आधी शर्टाच्या खिशातून कापडाची लहान पिशवी काढत, पिशवीतून होकायंत्र काढत, ते तळहातावर ठेवून सुई थांबेपर्यंत वाट पाहत आणि मग गंभीरपणे सांगत, "तीनशेचाळीसवर सरळ जावा." विचारणारा बहुतेक वेळा चहाचा नाद सोडून देई.

होकायंत्र फोनमध्येही असतं, हे मी त्यांना नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सुचवलं होतं. त्यांनी माझ्या फोनकडे दयेनं पाहिलं. "ते सांगतं बरोबर. पन गंडलं तर कळू देत न्हाई. सुई गंडली की थरथरती तरी."

त्यांना नाव होतं. पण नगरजवळच्या केडगावच्या आमच्या ऑफिसात पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला नाव राहत नसे, तो आपोआप काका होई. मोबाईलच्या टॉवरवर अँटेना चढवायच्या आणि ठरल्या दिशेला त्यांचं तोंड करून घट्ट आवळायच्या, हे त्यांचं काम. मी इंजिनिअर. जीपमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन गावोगाव फिरायचं आणि कुठं किती सिग्नल मिळतो ते मोजायचं, हे माझं काम. म्हणजे ते वर आणि मी खाली. ऑफिसातल्या तक्त्यावर मात्र हा क्रम उलटा होता.

कंपनी दोन-दोन दिवसांची प्रशिक्षणं घेई. तिथं टाय लावलेला एक माणूस पडद्यावर रंगीत पाकळ्या दाखवून अँटेना समजावून सांगे. काकांना तो विषय दोन शब्दांत पुरत असे. अँटेना ज्या दिशेला बघते ते तिचं 'तोंड', आणि ती जमिनीकडे किती झुकली आहे ती तिची 'मान'. "मान ताठ असली तर लांबचं दिसतं आन पायाखालचं दिसत न्हाई. मान खाली घातली तर पायाखालचंच दिसतं. ह्याच्यापल्याड त्या पडद्यावर काय हाय, सांगा." मी बराच विचार केला होता. फारसं काही नव्हतं.

माणसांचे प्रकार किती, यावर पुष्कळ थोरांनी डोकं खर्च केलं आहे. काकांचं वर्गीकरण त्या मानाने आटोपशीर होतं. अँटेनांचे जितके प्रकार तितके माणसांचे. सुरुवातीच्या काळात खेड्यांतल्या टॉवरच्या टोकाला बांबूसारखी उभी दांडी असे. ती चहूकडे सारखीच बोलते, म्हणून लांबच्या कुणालाच तिचं नीट ऐकू जात नाही. काका म्हणत, "आपले पुढारी." मग आल्या माणसाच्या उंचीच्या चपट्या पाट्या. टॉवरला तीन बाजूंना तीन. प्रत्येकीनं आपल्यापुढचा मुलूख सांभाळायचा, त्याला आम्ही सेक्टर म्हणतो, आणि पाठीमागं काय चाललंय ते बघायचं नाही. ही झाली संसारी माणसं. अलीकडे फाईव्ह-जीच्या आखूड, जाड पेट्या आल्या. त्यांच्या आत बारीक बारीक अँटेनांची रांग असते, आणि ज्याचं काम असेल त्याच्याकडे त्या क्षणात वळतात. त्यांच्याबद्दल बोलताना काका माझ्याकडे बघून म्हणत, "ह्या ऑफिसातल्या."

राहता राहिली डिश. ढोलासारखी गोल. ती लोकांशी बोलतच नाही. काही कोस लांबच्या दुसऱ्या टॉवरवर तिच्यासारखीच एक डिश असते, तिच्याशी तेवढी बोलते. दोघींची तोंडं एकमेकींकडे नेमकी लागतात. एक जरा जरी हलली की दोघी मुक्या. ही कुठल्या माणसांसारखी, असं मी विचारलं की काका डबा बांधायला घेत.

"आणि तुम्ही स्वतः कशात मोडता?"

"आमी क्लॅम्प," ते म्हणाले होते. क्लॅम्प म्हणजे अँटेना खांबाला धरून ठेवणारी लोखंडी पकड. "आपल्यातनं काय जात न्हाई. पन सोडलं तर सगळं खाली."

डबा ते एकटेच खात. ऑफिसात असले तर मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आणि दरवेळी त्याच खुर्चीत, त्याच बाजूला तोंड करून. समोर कुंपणाची भिंत होती. आम्ही मागच्या बाजूला बसून हसतखेळत जेवायचो आणि काकांना आमच्या डब्यांचे वास सोसत नसावेत, असं धरून चालायचो.

टॉवरवर फोन न्यायचा नाही, हा त्यांचा कडक नियम. फोन पिशवीत, पिशवी टॉवरच्या पायाशी. "वर माणसानं दोन हात आन एक डोकं न्यावं." खाली उतरले की मात्र पाणी प्यायच्या आधी, पट्टा सोडायच्या आधी ते पिशवीतून फोन काढून बघत आणि परत ठेवत. ते वेळ बघत असावेत, असं मला वाटे. त्यांच्या मनगटावर घड्याळ होतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

सुप्याच्या अलीकडच्या एका बागाईतदाराची गोष्ट ते आवडीनं सांगत. टॉवर त्याच्या रानात आणि त्याच्याच घरात रेंज नाही. हे असं होतं. टॉवरच्या बुडाशी दिव्याखालचा अंधार असतो. सिग्नल डोक्यावरून पुढं निघून जातो. बागाईतदाराला हे पटेना. "जागा माझी आन तोंड शेजाऱ्याकडं? फाटकाला कुलूप लावीन!" तीन इंजिनिअर त्याला कागदावर आकृत्या काढून दाखवून आले. मग काका गेले. गोदामातली एक निकामी पाटी त्यांनी वर चढवली, बरोबर त्याच्या ओसरीकडे तोंड करून आवळली आणि खाली उतरून नमस्कार घातला. तिसऱ्या दिवशी बागाईतदाराचा ऑफिसात फोन आला. "आता कसा खणखणीत आवाज येतोय! त्या म्हाताऱ्याला कळतंय, तुमच्यातल्या कुनाला काय कळत न्हाई."

"काका, केबल कुठून ओढली?" मी विचारलं.

"केबल कशाला? मोकळीच हाय ती." ते होकायंत्र पुसत होते. "मानसाला रेंज लागत न्हाई, साहेब. कुनाचं तरी तोंड आपल्याकडं हाय, एवढ्यावर मानूस लई दिवस काढतो."

मी ते वाक्य त्या दिवशी विनोद म्हणून ऑफिसात सांगितलं.

तालुक्यात फाईव्ह-जी आलं तेव्हा त्याचं उद्घाटन झालं. मंडप, सत्कार, फेटे. रेंज दिसत नसते आणि न दिसणाऱ्या गोष्टीचं उद्घाटन करायचं म्हणजे हार कशाला घालायचा, हा प्रश्न उरतो. शेवटी झेंडूचा हार दोरीनं वर ओढून एका अँटेनाला घालण्यात आला. चौकशीअंती कळलं की ती फाईव्ह-जीची नव्हती. पण तोवर फोटो निघाले होते. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की आता तालुक्यात कुणीही एकटं राहणार नाही. काका माझ्या शेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, "ऐकलं का साहेब? ऑर्डर निघाली."

काका केडगावात एका खोलीत एकटे राहत, आणि त्यांची मुलगी खर्ड्याच्या पुढे, डोंगराच्या उताराला एका वस्तीवर दिलेली होती, एवढं ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. ते स्वतःच सांगत, न विचारताही. "लेक लांब दिली. तिथं रेंज न्हाई. न्हाईतर पोरगी रोज फोन करनारी." नवीन माणूस रुजू झाला की त्यालाही ते आठवडाभरात हे सांगून टाकत. सगळे मान डोलावत.

बाकीचं मला आमच्या जीपचे ड्रायव्हर रज्जाकभाई यांनी सांगितलं. जामखेड रस्त्याला एका ढाब्यावर पाण्यासाठी थांबलो होतो.

"काकू दवाखान्यात होत्या," ते म्हणाले. "साधा ताप म्हणून नेलतं. काका त्या दिवशी डिश जुळवत होते. पलीकडच्या टावरवर दुसरा मानूस, मधी आठ कोस. असं काम अर्ध्यात सोडता येत न्हाई. फोन खाली पिशवीत. लेकीनं अकरा वेळा लावला."

"मग?"

"मग काय. डिश जुळली. काका खाली आले, फोन बघितला. अकरा मिस कॉल. बारावा आलाच नाही." रज्जाकभाईंनी बाटलीचं झाकण लावलं. "मातीला लेक एवढंच बोलली, 'तुमी जावा. तुमची डिश जुळवा.' तवापासून बोलत न्हाई. रेंज हाय का न्हाई, ते आपन कशाला बोलायचं?"

आपण कशाला बोलायचं, हे मी तिथंच लक्षात ठेवायला हवं होतं.

खर्ड्याच्या टॉवरवरच्या जुन्या पाट्या उतरवून नव्या चढवल्या गेल्या. बसवल्या काकांनीच. या नव्या पाट्यांमध्ये एक छोटी मोटर असते. मान खालीवर करायला वर चढावं लागत नाही. ऑफिसातून कॉम्प्युटरवर आकडा बदलला की शंभर किलोमीटरवर अँटेना मुकाट्याने मान हलवते. मी सगळ्या टॉवरचे आकडे तपासत होतो. काकांनी बसवलेल्या टॉवरमध्ये तपासण्यासारखं काही नसे. त्यांचा हात अर्ध्या डिग्रीनं चुकत नसे. पण खर्ड्याच्या तिसऱ्या सेक्टरपुढे आकडा होता आठ. दोन-तीन डिग्री हवी तिथं आठ. म्हणजे ती अँटेना पाया पडायला निघाल्यासारखी स्वतःच्या बुडाशी बघत होती आणि तीन किलोमीटरवरच्या उतारावर तिचं लक्षच नव्हतं. नकाशा उघडला. उतारावर एक वस्ती होती. काकांच्या लेकीची.

मला वाटलं, म्हातारा चुकला. खरं सांगायचं तर जरा आनंदही झाला. तोंड किंवा मान बदलायची तर टॉवरवरच्या माणसाला आधी विचारायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. मोटर आल्यापासून ती कुणी पाळत नव्हतं. शिवाय मला त्यांना चकित करायचं होतं. मी खुर्चीत बसल्या बसल्या आठाचे दोन केले. कामाला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये जाऊन मी बातमी दिली. "काका, तुमच्या मुलीच्या वस्तीवर रेंज आली. पूर्ण."

त्यांचा घास हातात राहिला. "किती?"

"मायनस नव्वदच्या आत." आमच्याकडे सिग्नल उण्या आकड्यांत मोजतात. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला, आणि मायनस नव्वद म्हणजे घरात बसून बोलता येईल इतका.

"चांगली हाय," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "चांगली हाय की." मग डबा अर्धा तसाच ठेवून त्यांनी बांधला. आनंदानं माणसाची भूक मरते, असं मी कुठंतरी वाचलं होतं.

त्यानंतर वरच्या खिशात फोन आला. होकायंत्राची पिशवी पँटच्या खिशात गेली, कारण फोनजवळ सुई नाचते. जेवताना फोन डब्याच्या झाकणावर. जीपमध्ये फोन हातात. मध्येच ते मला म्हणत, "साहेब, एक मिसकॉल द्या बरं." मी देई. फोन वाजे. "वाजतोय," असं म्हणून ते तो परत ठेवत. आठवड्यातून एकदा, मग रोज एकदा. सुप्याच्या कारखान्यांकडे एका टॉवरवर ते फोन खिशात घेऊन चढले, तेव्हा रज्जाकभाईंनी माझ्याकडे बघितलं आणि ते जीपचं बोनेट उघडून उगाच आत बघत उभे राहिले. त्या दिवशी काकांनी लावलेली डिश जुळली नाही. संध्याकाळी दुसऱ्या माणसानं वर जाऊन ती नीट केली.

खाली उतरल्यावर ते टॉवरच्या पायाशी बसले. मी शेजारी बसलो.

"साहेब, खर्ड्याची मान परत आठावर घेता येती का?"

"येते. पण कशाला?"

"ती आठ डिग्री चुकून न्हवती ठिवली मी."

मी त्यांच्याकडे वळलो.

"रेंज नव्हती तवर पोरगी रोज फोन करत हुती," ते म्हणाले. मग स्वतःच दुरुस्ती केली. "म्हंजी, करनार हुती. पाच वरसं रोज करनार हुती. आता दीड महिना झाला रेंज येऊन. आता ती करत न्हाई."

कारखान्यांची पाळी सुटत होती. फाटकातून बाहेर पडणारा प्रत्येक जण फोन कानाला लावत होता. ते सगळे आमच्या समोरून गेले.

लॅपटॉप मांडीवरच होता. मी तो उघडला. आकडा बदलायला घेतला, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. टॉवरवर चढणाऱ्या माणसाची पकड असते तशी.

"किती घरं हायत तिथं?"

"साठेक असतील."

"म्हंजी माझ्या एकट्यापायी साठ घरं मुकी ठिवली मी. त्यात कुनाचं बाळंतपन आलं असंल, कुनाला पान लागलं असंल." सापाचं नाव ते कधी तोंडावर आणत नसत. "ऱ्हाऊ द्या दोनावर. तुमी बरोबर केलं. चूक माझी हुती."

"काका, मग तुम्हीच लावा ना फोन. लावायला काय हरकत आहे?"

"लावायचं न्हाई राहिलं माझं," ते म्हणाले. "उचलायचं राहिलंय. अकरा वेळा." हे त्यांनी क्लॅम्प कुठल्या पान्यानं आवळायचा ते सांगावं तशा आवाजात सांगितलं. कॉलेजात शिकवलेल्या कुठल्याच गणितानं मला हा हिशेब खोडता आला नसता.

पुढच्या महिन्यात त्या उतारावर सिग्नल मोजायला मला जावंच लागलं. कामच होतं. तरी रज्जाकभाईंनी न सांगता जीप एका घरापुढं उभी केली, हेही खरं. अंगणात एक बाई शेंगा फोडत बसली होती. तोंडाची ठेवण काकांची. मी पाणी मागितलं.

"टावरचे का तुमी?" तांब्या देत तिनं विचारलं. "रेंज भारी केली बरं का. आधी टेकावर जावं लागायचं."

"म्हणजे टेकावर येत होती?"

"येत हुती की. सासूबाई तिथनंच लावायच्या समद्यांना." ती पुन्हा शेंगांकडे वळली. "माझं वडील बी तुमच्याच कामात हायत."

"ओळखतो मी त्यांना."

तिचे हात थांबले नाहीत. "अजून चढत्यात का वर?"

"चढतात. पण आता फोन वर घेऊन जातात."

हात थांबले. तिनं मांडीवरची टरफलं झटकली, एकदा झटकून झाली तरी पुन्हा झटकली. "रेंज नव्हती तवा बरं हुतं, दादा," ती म्हणाली. "कुनी इचारलं, बापाला फोन करत न्हाईस का गं, तर सांगता यायचं. आता काय सांगू, तुमीच सांगा."

मी तांब्या परत दिला. माझ्या वहीत त्या दाराशी 'मायनस पंच्याऐंशी' अशी नोंद आहे. नोंद अचूक आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका शेडमध्ये बसले होते. मी तिचं बोलणं त्यांना सांगितलं नाही. त्यांनीही ती कशी आहे, ते विचारलं नाही.

"दारात किती येती?"

"मायनस पंच्याऐंशी."

"बरी हाय. फोन कुठं ठिवती ती?"

"खिडकीत होता."

"खिडकीचं तोंड कुनीकडं?"

होकायंत्र मी नेलं नव्हतं. दिवस मावळतीला आला होता आणि ऊन त्या खिडकीतून आत गेलं होतं, जरासं तिरपं, एवढं मला आठवत होतं. मी ते सांगितलं. त्यांनी डोळे मिटून हिशेब केला.

"म्हंजी तीनशेच्या आसपास," ते म्हणाले आणि समाधानानं डबा उघडला. ते जेवून हात धुवायला गेले तेव्हा त्यांचं होकायंत्र खुर्चीवर होतं. मी ते उचलून तळहातावर धरलं, खुर्चीच्या रोखानं. समोर कुंपणाची तीच भिंत. सुई थांबली. एकशेवीस. तीनशेच्या बरोबर समोरची दिशा. नगरहून खर्डा तिकडे आहे.

काका आता निवृत्त झाले. खोली केडगावातच आहे. निरोपसमारंभात त्यांना शाल, नारळ आणि एक स्मार्टफोन मिळाला. शाल आणि नारळ त्यांनी घेतला. स्मार्टफोन रज्जाकभाईंना दिला. जुना नंबर, जुना फोन, तो बदलायचा नाही म्हणाले.

दर रविवारी सकाळी मला त्यांचा फोन येतो. नमस्कार, रामराम, काही नाही.

"साहेब, खर्ड्याचा तिसरा सेक्टर चालू हाय ना?"

"चालू आहे."

"मान?"

"दोनावर."

"कॉल होत्यात का त्याच्यावरनं?"

मी कॉम्प्युटर उघडून बघतो. उतारावरचे लोक भरपूर बोलतात. मला आकडा दिसतो. कोण कुणाला लावतं, ते दिसत नाही. "पुष्कळ होतात, काका," मी सांगतो.

"मग झालं." एवढ्यावर मी पुढं काही बोलू पाहतो, तब्येत, जेवण, एखादं निमित्त. एकदा म्हटलं, येतो खोलीवर, बसू जरा, मागच्या गप्पा काढू. ते मला मध्येच तोडतात, दरवेळी त्याच घाईनं.

"ठिवतो साहेब. फोन मोकळा पायजे."